मामा, मी आणि चौथा गिअर

'झाली का गं तुझी ती गाडी?'

पाच वर्षं हा एकच प्रश्न मला सगळीकडे गाठत होता. ऑफिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एका मैत्रिणीच्या डोहाळजेवणात तर ओटी भरता भरता! आणि मी दर वेळी तेच उत्तर द्यायचे, 'झालीच आहे, फक्त चालायची राहिलीय.' लोकांना हा विनोद वाटायचा. पण ज्यांनी कधी जुनी गाडी पुन्हा उभी केलीय त्यांना विचारा. इंजिन पहिल्यांदा सुरू होतं त्या दिवशी पेढे वाटले जातात, फोटो निघतात, स्टेटसला फटाके फुटतात. आणि मग गाडी फाटकाबाहेर काढायची वेळ येते. तिथून पुढे सगळा सिलॅबसच वेगळा.

आमची गाडी फाटकाबाहेर पडली डिसेंबर २०२४ मधल्या एका रविवारी. चारशे मीटर गेली. पाटाच्या कडेला दोनदा शिंकली, एकदा धक्का दिला आणि गप्प झाली. परत आली ती ट्रॅक्टरला दोर बांधून. ट्रॅक्टरवर मामेभाऊ, गाडीच्या स्टिअरिंगवर मी आणि मागे टाळ्या पिटत आळीतली सगळी पोरं. 'ताई, स्पोर्ट्स कार आहे ना? मग पळवा की!'

तर मंडळी, गाव देवळाली प्रवरा. 'नाशिकजवळचं का?' असं पुण्यात प्रत्येकजण विचारतो. नाही हो. ते तोफखान्याचं देवळाली. हे नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं, राहुरी तालुक्यातलं. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरी नावाचा स्टॉप लागतो, तिथून आत तीन-चार किलोमीटर. चोहीकडे ऊस आणि हंगामात हवेला मळीचा वास. माझं आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी इथे मामाच्या लुनावर घालवल्या. आमच्याच नगरमध्ये बनणारी लुना, १९७२ सालापासूनची. मामा तिला 'धाकटी' म्हणायचे. कारण मोठी मागच्या गोठ्यात उभी होती. ताडपत्रीखाली, तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

मोठी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, १९६८ची. लाल. दोन सीटची, बिनछपराची. म्हणजे कापडी हुड होता, पण तो उंदरांनी केव्हाच संपवला होता. मामांनी ही १९७९ मध्ये पुण्यातल्या कॅम्पातल्या एका गृहस्थांकडून घेतली. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे, नुकतं लग्न झालेलं. मामीचं या विषयावरचं निवेदन गेली पंचेचाळीस वर्षं बदललेलं नाही. 'त्या साली उसाचं बिल आलं. मला पाटल्या व्हायच्या होत्या. तुझ्या मामानं तो लाल डबा आणला.'

आता राहुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याला ब्रिटिश स्पोर्ट्स कार सांभाळणं कसं परवडलं, हे कोडं मला लहानपणी पडायचं. उत्तर मिळालं ते चाचांकडून. चाचा म्हणजे श्रीरामपूरचे जुने मिस्त्री, वय ऐंशीच्या आसपास. गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं (या गाडीचं अख्खं नाक पुढे पालथं होतं आणि तुम्ही पुढच्या चाकावर बैठक मारून इंजिनचं काम करू शकता. यापेक्षा माणुसकीची रचना मी कुठल्या गाडीत पाहिलेली नाही), चष्मा वर केला आणि म्हणाले, 'ताई, ही तर हेराल्डची बहीण!'

अगदी बरोबर. ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये हेराल्ड काढली. तिचं डिझाइन जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. त्याच हेराल्डची चासी आखूड करून, त्याच मिकेलोत्तीच्या हातून १९६२ मध्ये स्पिटफायर झाली. आणि हेराल्ड आपल्याकडे परकी नव्हती. मद्रासची स्टँडर्ड मोटर कंपनी १९६१ पासून ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनवत होती. अँबेसेडर, फियाट आणि हेराल्ड, त्या जमान्यात मध्यमवर्गाची चॉइस तेवढीच. साठ आणि सत्तरच्या दशकात साखरपट्ट्यात पैसा आला, लोणीच्या प्रवरा कारखान्याचा पहिला गाळप हंगाम तर १९५०-५१ चा, आणि त्या पैशाबरोबर गाड्या आल्या. चाचांच्या हाताखालून ढिगाने हेराल्ड गेल्या. म्हणजे मामांच्या विलायती बयेचे निम्मे अवयव श्रीरामपूरच्या मिस्त्रीला तोंडपाठ! मामांना हे ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी घेतली. मामी समजतात तितका तो बेहिशोबी सौदा नव्हता.

१९९३ पर्यंत गाडी पळाली. मग ब्रेक गेले, मग दुष्काळ, मग मुलांची शिक्षणं. २०१९ मध्ये मी मामांना म्हटलं, 'मामा, आपण ही उभी करूया का?' मला तेव्हा नुकतं प्रमोशन मिळालं होतं आणि डोक्यात हवा होती. मामांनी गोठ्याकडे पाहिलं. 'कोंबड्यांना विचार,' म्हणाले.

रिस्टोरेशनची कहाणी मी सांगत बसणार नाही. ती सगळ्यांची सारखीच असते. फ्लोअर सडलेला, पैसा अंदाजाच्या तिप्पट, वेळ चौपट, मधे लॉकडाऊन. एवढंच सांगते की नोव्हेंबर २०२१ मध्ये, इंजिन बाहेर आणि बॉडी पुण्यात रंगाला असताना, मामांना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू. बोलणं पंधरा दिवसांत परतलं, हात वर्षभरात बराचसा, पाय मात्र काठीवरच राहिला. डावा पाय. म्हणजे क्लचचा पाय.

त्यांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. अंगणात खुर्ची टाकून ते बसायचे आणि काठीने दाखवायचे, हा नट कुठला, ती वायर कुठे. पण गाडी जसजशी पूर्ण होत गेली तसतसा मला तो डावा पाय जास्त जास्त दिसायला लागला.

असो. त्या चारशे मीटरकडे परत येऊया.

गाडी बंद पडली ती पेट्रोल न आल्यामुळे. कार्बोरेटर उघडले. हिला दोन आहेत, जुळे, एकाचं बिनसलं की दुसरं रुसतं. आत तपकिरी लगदा. चाचांनी बोटावर घेऊन वास घेतला. 'टाकीतला जुना राळ सुटला. आणि हे बघा.' पेट्रोलचा रबरी पाइप त्यांनी चिमटीत धरला तर च्युइंगमसारखा मऊ लागला. दोन वर्षांपूर्वी नवा घातलेला.

दोषी कोण? तर इथेनॉल. आणि इथे गोष्टीला गंमत येते. आपल्या देशात २०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल असायचं. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं, २०२३ पासून वीस टक्केवालं पंपांवर यायला लागलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचं टार्गेटही गाठलं गेलं. नव्या गाड्या त्या हिशोबाने बनतात. १९६८ च्या गाडीला हा पाहुणा माहीतच नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, साधं रबर फुगवतं, टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं साठलेली राळ सोडवतं आणि ती सगळी वरात थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये नेऊन उतरवते. शिवाय त्यात पेट्रोलपेक्षा दम कमी, त्यामुळे जुन्या सेटिंगवर इंजिनला मिश्रण पातळ पडतं, ते तापतं, अडखळतं.

मी तावातावाने हे सगळं जेवताना सांगत होते. मामेभाऊ शांतपणे भाकरी मोडत होता. त्याचा नऊ एकर ऊस. म्हणाला, 'अगं, हे इथेनॉल कशाचं करतात?'

'उसाच्या मळीचं. रसाचंसुद्धा.'

'मग? साखरेला भाव नसला तरी इथेनॉलच्या पैशावर कारखाना आमचं बिल देतो. तुझ्या गाडीचा एक पाइप विरघळला, माझ्या पोरीची फी भरली गेली. सोड की आता.'

यावर काय बोलणार? ज्या उसाने १९७९ मध्ये ही गाडी घरात आणली, तोच ऊस आता तिच्या नळ्या खातोय. मामा खुर्चीत बसून हसत होते, बऱ्याच महिन्यांनी मोठ्याने.

उपाय आहेत, घाबरू नका. इथेनॉल सोसणारे पाइप मिळतात, ते लावले. टाकी उतरवून धुतली, आतून लेप दिला. दोन्ही कार्बोरेटरचे जेट थोडे खाली घेतले, म्हणजे मिश्रण जरा जाड होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी करायची नाही. ज्यांच्याकडे अशी एखादी बया आहे त्यांनी एवढं तरी आजच करावं.

दुसरी ड्राइव्ह जानेवारीत. टार्गेट राहुरी फॅक्टरी. तिथल्या टपरीवर चहा प्यायचा आणि परत. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. पुण्यात एवढ्यात माझं नुसतं पार्किंग शोधून होतं.

जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन ट्रेलर, ट्रेलरबाहेर दोन-दोन फूट लोंबणारा ऊस आणि स्पीकरवर दणदणीत गाणी. स्पिटफायरमध्ये बसलं की तुमचं बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर असतं. मला दिसत काय होतं? ट्रेलरचा ॲक्सल! उसाचं वाढं माझ्या डोक्यावरून फडफडत होतं. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याला मी दिसलेच नाही, फक्त आवाज आला असणार. ओव्हरटेक करायला मी तिसऱ्यात टाकून पाय दाबला, आणि देवाशप्पथ, त्या तेराशे सीसीच्या इंजिनने असा काही सूर लावला की अंगावर काटा आला. पंच्याहत्तर हॉर्सपॉवर म्हणजे आजच्या हॅचबॅकइतकीच. पण गाडीचं वजन सातशे किलोंच्या आसपास, त्यामुळे मामला वेगळाच. एका दमात दोन ट्रेलर, ट्रॅक्टर आणि पुढची एक बैलगाडी पार!

पुढे गतिरोधक होता. पांढरे पट्टे पुसलेला, कोणी हौशी माणसाने घडवलेला, टेकडीवजा. खाली 'धप्प' आणि मग 'खर्रर्र'. सायलेन्सरचा क्लॅम्प गेला. चहाच्या टपरीवर मी रणगाड्यासारखी घडघडत पोचले. नगरला रणगाड्यांचं म्युझियम आहेच, लोकांना वाटलं त्यातलंच काहीतरी सुटून आलंय.

तेव्हापासून मी गतिरोधक तिरके घेते. एक चाक चढवायचं, मग दुसरं. सगळ्या बसक्या गाड्यांना हीच युक्ती. मात्र वळणावर या गाडीचं एक दुखणं माहीत असावं लागतं. हिची मागची चाकं हेराल्डसारखीच स्विंग ॲक्सलवर, एका आडव्या पाट्याला टांगलेली. वेगात वळण घेताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आतल्या अंगाला दुमडायला बघतं आणि ढुंगण सुटतं. आपल्या लोकांना तो प्रकार फारसा रुचलाच नाही. मद्रासवाल्यांनी १९७२ मध्ये हेराल्डच्या जागी गझेल काढली तेव्हा मागे सरळ अखंड ॲक्सल बसवून टाकला. मामांचा मंत्र वेगळा. 'वळणाच्या आधी काय घाबरायचं ते घाबरून घे. वळणात घाबरू नको.' ऑफिसमधल्या अप्रेझललाही हा लागू पडतो असं माझ्या लक्षात आलंय.

त्या चहाच्या फेरीवरून परतताना मला स्टिअरिंग जरा जड वाटलं. फाटकात वळताना विशेष. मी ते नवेपणावर ढकललं. मामांना मात्र सांगितलं, सहज. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

'ट्रनियनला काय घातलंय?'

मला शब्दच कळला नाही. मग त्यांनी काठीने जमिनीवर चित्र काढलं. पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं त्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात, आणि तो पितळेच्या एका ठोकळ्यात स्क्रूसारखा फिरतो. तो ठोकळा म्हणजे ट्रनियन. त्यात तेल जायला हवं. जाड, गिअरचं, नव्वद नंबरचं. ग्रीस नाही.

'ग्रीस मारलंय,' मी म्हटलं. पुण्यातल्या एका गॅरेजात सगळ्या निपलांना ग्रीसगन लावताना मी स्वतः शेजारी उभी होते. व्हिडिओसुद्धा काढला होता.

मामा काही बोलले नाहीत. आतून फोन मागवला आणि चाचांना लावला. त्यांचं संभाषण तीन वाक्यांचं झालं. 'चाचा, ग्रीस मारलंय.' पलीकडून काहीतरी. 'हो, डावी-उजवी दोन्ही.' पलीकडून काहीतरी. 'या.'

चाचा नातवाच्या मोटारसायकलवर बसून त्याच संध्याकाळी आले. चाक काढलं, दांडा उलगडला, टॉर्च मारला. ग्रीस वरच्या वर सुकून बसलेलं, खालच्या आट्यांना तेलाचा थेंब नाही. उजव्या बाजूचे आटे झिजून गंज धरलेला आणि त्यात केसाएवढी रेघ. चाचांनी ती रेघ माझ्या नखाला लावून दाखवली.

'ताई, हा इथून तुटतो. खेळवतच नाही, एकदम तुटतो. चाक वेगळं, गाडी वेगळी. हेराल्डचं मी डोळ्यानं पाहिलंय.'

मला त्या ट्रॅक्टरचा ओव्हरटेक आठवला. तिसऱ्या गिअरमध्ये, समोरून रस्ता रिकामा, पाय पूर्ण दाबलेला. त्या रात्री मी जेवले नाही. मामी म्हणाली, 'विकून टाका तो डबा.' पहिल्यांदाच तिच्या आवाजात पाटल्या नव्हत्या, भीती होती. आणि मामा, ज्यांनी आयुष्यात या विषयावर तिला कधी उत्तर दिलं नव्हतं, ते म्हणाले, 'बरं.'

एक आठवडा गाडी खरंच विकायची ठरली होती. ग्राहकही होता, पुण्यातलाच, एसी गॅरेजमध्ये ठेवणार होता. अशा गाड्या मी प्रदर्शनांत खूप पाहिल्यात. आरशासारखं पॉलिश, टायरला काळी पॉलिश, इंजिनवर बोट ठेवलं तर पुसणारा माणूस उभा. त्यांची हौस त्यांना लखलाभ. मला मात्र तिथे नेहमी पिंजऱ्यातल्या वाघाची आठवण येते.

शेवटी प्रकरण मिटवलं चाचांनीच. मामीने दिलेला चहा बशीत ओतत म्हणाले, 'भाभी, विकली तरी घेणारा काय करणार? ग्रीसच मारणार.' मामी विचारात पडली. मग म्हणाली, 'दुसऱ्याच्या पोराचं चाक निघायचं. मग राहू दे.'

नवे दांडे आणि ट्रनियन इंग्लंडहून आले. हो, स्पिटफायरचे पार्ट आजही तिकडे नव्याने बनतात. १९६२ ते १९८० मध्ये तीन लाखांवर गाड्या झाल्या, त्यामुळे मागणी संपलेली नाही. दोन महिने लागले आणि कस्टम ड्युटीचा आकडा मी आईला अजून सांगितलेला नाही. जुना तुटायला आलेला दांडा मामांनी टीव्हीच्या कपाटावर ठेवलाय, गणपतीशेजारी. पाहुण्यांना दाखवतात.

याच दरम्यान कागदपत्रांचं लचांड निस्तरलं. तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर ऐका, कारण अफवा फार आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. नव्याने नोंदणी करायची तर फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणीला ५,०००, आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना आपला जुना नंबर ठेवता येतो. मामांचा जीव त्या तीन अक्षरी जुन्या नंबरात अडकला होता, त्यामुळे हे कळल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. अट अशी, की ही गाडी रोज भाजी आणायला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. आमच्या प्रत्येक फेरीत काही ना काही दुरुस्ती निघतेच, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत आम्ही अगदी निर्धास्त.

एप्रिलमध्ये कोल्हारपर्यंत गेले आणि येताना गुह्याच्या अलीकडे, भर दुपारी, ट्रकांच्या रांगेत गाडी पुन्हा गप्प. ठिणगी होती, टाकीत पेट्रोल होतं. नगर-मनमाड रस्ता आणि त्याचे खड्डे यावर वेगळा कॉलम लिहावा लागेल, तूर्त एवढंच की पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास रांगल्यावर बॉनेटखाली भट्टी झाली होती आणि पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ झाली होती. यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात. इंग्रज लोक पेट्रोलच्या नळीला म्हणे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. आपल्याकडे ड्रायव्हर लोकांचा पिढीजात उपाय सोपा, पंपावर ओलं फडकं. माझ्याकडे फडकं नव्हतं. उसाच्या रसाच्या गाडीवाल्या काकूंनी स्वतःचं दिलं. दहा मिनिटांत इंजिन सुरू! काकूंना रसाचे पैसे दिले, फडक्याचे घेतले नाहीत त्यांनी. 'तेवढी एक चक्कर मारा,' म्हणाल्या. मारली. रसाचं चरक सोडून, पदर कानाला बांधून, गुह्यापर्यंत जाऊन आलो. माझ्या शेजारी पहिली पॅसेंजर म्हणून मामा बसतील असं मी ठरवलं होतं. बसल्या त्या काकू.

मामांना मी विचारलं होतं, अनेकदा. 'चला ना, एक चक्कर.' ते म्हणायचे, 'गुडघा दुखतोय', 'पोस्टमन यायचाय', 'ऊन आहे'. खरं कारण मला माहीत होतं. ज्या माणसाने चौदा वर्षं ती गाडी उजव्या सीटवरून चालवली, त्याला डावीकडे बसायचं नव्हतं.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मामीने स्वतः हळदीकुंकू लावलं. लाल डब्याला! मी काहीच बोलले नाही, फोटोही काढला नाही, उगाच लाजायची. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी गाडी गरम करत होते तर मागून काठीचा आवाज. मामा. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर.

'शिंगणापूरला जाऊन येऊ,' म्हणाले. 'गर्दी व्हायच्या आत.'

त्यांना आत बसवणं हा एक सोहळा. एवढ्या खाली वाकायचं, डावा पाय हाताने उचलून आत घ्यायचा. मामेभाऊ धावत आला तर त्याला काठीनेच लांब ठेवलं. शेवटी बसले. सीटबेल्ट लावला. समोर पाहिलं. मार्क थ्रीमध्ये मीटर ड्रायव्हरच्या पुढ्यात नसतात, डॅशबोर्डच्या मधोमध असतात. त्यामुळे दोघांना सारखेच दिसतात. ऑइलचा दिवा, टेंपरेचर, पेट्रोल, सगळ्यावर त्यांनी नजर फिरवली, जसं काही गाडी तेच नेणार होते.

फॅक्टरीपर्यंत ते गप्प होते. हंगाम सुरू व्हायचा होता, रस्ता मोकळा. राहुरी ओलांडून आम्ही सोनईच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडायला लागलं. मी दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकला तेव्हा किंचित करकर झाली. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. पुढच्या वेळी पुन्हा करकर.

'हात काढ,' मामा म्हणाले.

'काय?'

'गिअरवरचा हात काढ. मी सांगेन तेव्हा क्लच दाब.'

आणि त्यांनी आपला उजवा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. डाव्या सीटवरून तो अगदी बरोबर हाताखाली येतो. माझ्या हे पाच वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. उजवा हात त्यांचा ठणठणीत होता. नव्हता तो फक्त डावा पाय, आणि डावा पाय माझ्याकडे होता.

'दाब.'

मी दाबला. टक्. तिसरा. आवाज नाही, धक्का नाही.

'सोड. हळू गं. हां.'

उंबऱ्याच्या पुढे सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना कपाशी आणि ऊस. इंजिनचा सूर वर चढला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मीटरकडे पाहिलं. पस्तीस मैल, चाळीस. 'दाब.' टक्. चौथा. पंचेचाळीस. आपल्या हिशोबाने बहात्तर किलोमीटर, म्हणजे एक्स्प्रेसवेवर मागचे लोक हॉर्न मारतील इतकंच. पण डोक्यावर छप्पर नसताना, कानात वारा आणि रस्ता वीतभर खाली असताना बहात्तर म्हणजे काय असतं ते विचारू नका. मामा काहीतरी ओरडले. वाऱ्यात ऐकू आलं नाही. मी 'काय?' म्हणून ओरडले. त्यांनी मान हलवली आणि दांड्यावरचा हात तसाच ठेवला.

ब्राह्मणीत एक म्हैस आडवी आली. चौथा, तिसरा, दुसरा, आम्ही दोघांनी तालात खाली आणले. पहिल्यात मात्र तिने हिसका दाखवला. या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, पूर्ण थांबल्याशिवाय तो घेत नाही. खर्रर्र झालं. म्हैस दचकली.

'ती तुझी चूक,' मामा म्हणाले. 'क्लच अर्धा सोडलास.'

'मामा, तुम्ही घाई केली!'

'मी? पंचेचाळीस वर्षांत...' वगैरे. शिंगणापूर येईपर्यंत आम्ही भांडत होतो.

शिंगणापुरात गाडी लावली तेव्हा लक्षात आलं की डाव्या दाराचं कुलूप लागत नाही. तसंही छप्पर नसलेल्या गाडीला कुलूप कशाला? त्यातून हे गाव घरांना दारं नसण्यासाठी प्रसिद्ध. २०११ मध्ये इथे एका बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली होती, आमच्या गाडीचं काय घेऊन बसलात! दर्शन झालं. बाहेर आलो तर गाडीभोवती वीस-पंचवीस माणसं. एकाने मामांना विचारलं, 'बाबा, किती ॲव्हरेज देते?'

'जाताना किती देते ते कळतं,' मामा म्हणाले. 'येताना ढकलावी लागते.'

त्या दिवशी ढकलावी लागली नाही. परतीच्या वाटेवर करकर एकदाच झाली, आणि ती माझी होती, मान्य करते. अंगणात वळलो तेव्हा मामी ओसरीत उभी होती, दोन्ही हात कमरेवर. मामांना उतरवायला अर्धा तास लागला, कारण ते उतरायलाच तयार नव्हते.

इंजिन बंद केल्यावर खाली टपटप आवाज यायला लागला. मामीने आतून जुनं ताट आणून गाडीखाली सरकवलं. ऑइल होतं, बहुतेक मागच्या सीलमधून. चाचांना फोन केलाय, ते गुरुवारी येतो म्हणालेत.